कोरियन नावांना रोमन लिपीचा अडत्या कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे कोरियन लिपीविषयी पानभर लेख प्रसिद्ध झाला. कोरियन मालिका आणि गाणी घराघरांत पोचल्यावर त्या भाषेच्या लिपीकडेही कुणाचे तरी लक्ष गेले हे चांगलेच झाले आणि लेखकाचा उत्साहही प्रामाणिक आहे. परंतु ‘कोरियन लिपी ही चिनीसारखीच चित्रलिपी आहे’, ‘ती मुळात आपल्या देवनागरीची लेक आहे’ आणि ‘जगातली कोणतीही भाषा तिच्यात जशीच्या तशी लिहिता येते’ अशी जी तीन विधाने त्यात आहेत, ती एकमेकांशीही जुळत नाहीत आणि वस्तुस्थितीशीही जुळत नाहीत. चौथी गोष्ट त्या लेखातली नसून आपल्या रोजच्या बातम्यांतली आहे आणि खरे सांगायचे तर तिच्यासाठीच हे पत्र लिहायला घेतले आहे. कोरियन माणसांची व गावांची नावे आपण रोमन लिपीतून उचलतो आणि ती विनाकारण बिघडवून छापतो.

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. एका छापखान्यात बत्तीस वर्षे मुद्रिते तपासली, एवढीच माझी पात्रता. निवृत्तीनंतर नात कोरियन शिकू लागली, तेव्हा तिच्या वह्या तपासता आल्या पाहिजेत या जुन्या खोडीपायी मीही ती अक्षरे गिरवली. त्या लिपीला दक्षिण कोरियात हान्गुल म्हणतात. आपण ‘हंगुल’ छापता. त्याविषयी पुढे लिहितो.

प्रथम चित्रलिपीचा गैरसमज. हान्गुलमधला मजकूर दुरून पाहिला तर चौकोनी ठशांची रांग दिसते, म्हणून चिनीचा भास होतो. पण त्या प्रत्येक ठशात दोन, तीन, क्वचित चार सुटी अक्षरे बसवलेली असतात आणि ती ध्वनींची अक्षरे असतात, वस्तूंची चित्रे नव्हेत. ‘हान्गुल’ हाच शब्द घ्या. पहिल्या ठशात वर डावीकडे ‘ह’, त्याच्या उजवीकडे ‘आ’ आणि दोघांच्या खाली ‘न’. दुसऱ्या ठशात वर ‘ग’, त्याखाली नुसत्या आडव्या रेघेने दाखवलेला स्वर आणि तळाशी ‘ल’. अक्षरे सहा, ठसे दोन. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण ‘ऊर्मिला’ लिहिताना आपणही ‘र’ला रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवतो आणि मागून उच्चारायची वेलांटी आधी काढतो. कोरियनची मूळ व्यंजने आज १४ आणि मूळ स्वर १० आहेत. जोड अक्षरे धरून आरंभीची १९ व्यंजने, मधले २१ स्वर आणि शेवटच्या जागेच्या २८ शक्यता (शेवटी काहीच नसणे ही त्यांतलीच एक) यांचा गुणाकार केला की ११,१७२ ठसे होतात आणि युनिकोडच्या तक्त्यात ते सगळे ओळीने मांडलेले आहेत. खिळे जुळवण्याच्या काळात तिकडच्या जुळाऱ्यांनी काय सोसले असेल, याची कल्पना जोडाक्षरांचे खण धुंडाळलेल्या माणसालाच येईल.

आता अक्षरांच्या आकारांकडे येतो. आपल्या छपाईत कोरियन अक्षरे उमटतील की नाही ही शंका आहे, म्हणून त्यांचे वर्णनच करतो. ‘ग’चे अक्षर म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकातून खाली उतरलेली दुसरी रेघ. ‘न’चे अक्षर याच्या उलट आहे: आधी उभी रेघ खाली आणायची आणि तळाशी उजवीकडे वळवायची. नातीने मला हे शिकवले तेव्हा दिवाणखान्यातला हातआरसा आणून दिला आणि म्हणाली, ‘आजोबा, डावीकडे तोंड केलेल्या माणसाचा गाल पारदर्शक आहे असे समजा आणि ‘न’ म्हणा.’ म्हणून पाहिले. जिभेचा शेंडा उठून वर टेकला आणि बाकीची जीभ मागे आडवी राहिली. वहीतल्या अक्षरात नेमके तेच होते. मग ‘ग’ म्हटले, तर जिभेचे मूळ उचलले जाऊन घशाकडची वाट बंद झाली आणि शेंडा खालीच राहिला. तेही अक्षरात होते. ‘म’साठी चौकोन आहे, तो मिटलेल्या तोंडाचा, ‘स’साठी छपराच्या दोन पाख्यांसारखी खूण आहे, ती दाताची, आणि घशासाठी वर्तुळ. हा अर्थ मागाहून कुणी चिकटवलेला नाही. लिपी जाहीर करताना १४४६ मध्ये जे स्पष्टीकरणाचे पुस्तक निघाले, त्यातच प्रत्येक आकाराचे कारण लिहून ठेवले आहे. ते पुस्तक शतकानुशतके दिसेनासे झाले होते. १९४० मध्ये आन्दोङ गावाकडे त्याची एक प्रत मिळाली, संग्राहक चॉन ह्यॉङ-फिल यांनी ती विकत घेऊन जपानी राजवट संपेपर्यंत लपवून ठेवली आणि १९९७ मध्ये युनेस्कोने तिची जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत नोंद केली. ती प्रत हाती येईपर्यंत हान्गुलच्या आकारांविषयी खिडकीच्या जाळीपासून कशाकशापर्यंत तर्क लढवले जात होते.

या पाच मूळ आकारांवर एकेक रेघ वाढवत बाकीची बहुतेक व्यंजने केली आहेत. ‘ग’च्या पोटात एक रेघ घातली की ‘ख’ होतो. ‘न’वर रेघ चढवली की ‘द’, आणखी एक चढवली की ‘थ’. ‘म’च्या चौकोनातून ‘ब’ आणि ‘ब’मधून ‘फ’. म्हणजे श्वासाचा जोर वाढला की रेघ वाढते. देवनागरीत अशी संगती नाही. ‘क’ पाहून ‘ख’ सुचत नाही. ब्राह्मीत मात्र तिचा मागमूस सापडतो. अशोकाच्या शिलालेखांत ‘ट’ हे अर्धे वर्तुळ आहे आणि ‘ठ’ हे पूर्ण वर्तुळ. त्या ‘ठ’ची गोलाई आपल्या ‘ठ’मध्ये आजही उरली आहे. पण ब्राह्मीने जे चार-दोन अक्षरांत केले, ते हान्गुलने जवळजवळ सगळ्या व्यंजनांत नेमाने केले, हा फरक मोठा आहे.

हे काम चोसॉन घराण्याचा चौथा राजा सेजोङ याने १४४३ मध्ये पूर्ण केले आणि १४४६ मध्ये प्रजेपुढे ठेवले. त्याच्या प्रस्तावनेचा आशय असा की आपली बोली चिनीहून वेगळी आहे, चिनी अक्षरांत ती मावत नाही, त्यामुळे सामान्य माणसाला काही सांगायचे असले तरी लिहून सांगता येत नाही. म्हणून ही २८ नवी अक्षरे. (त्यांपैकी चार पुढे गळाली.) तोपर्यंत कोरियन भाषा चिनी अक्षरांत कशीबशी कोंबली जात असे: काही अक्षरे अर्थासाठी घ्यायची, काही केवळ उच्चारासाठी, आणि कोणते कशासाठी घेतले आहे हे वाचणाऱ्याने ताडायचे. प्रस्तावनेत कारण इतके सरळ सांगूनही विरोध झालाच आणि तो राजाच्याच विद्वत्सभेतून झाला. छ्वे माल्ली या वरिष्ठ पंडिताने सहकाऱ्यांसह १४४४ मध्ये अर्ज केला की स्वतःची वेगळी लिपी मंगोलांना, तिबेट्यांना, जपान्यांना असते, म्हणजे रानटी लोकांना असते; चीनशी एकरूप होऊन बसलेल्या आपण त्यांच्या पंगतीला का जावे? राजाने अर्ज फेटाळला. तरीही दरबारी कारभार पुढे साडेचारशे वर्षे चिनीतच चालला आणि नवी लिपी ‘बाजारी लिपी’ म्हणून बायकांच्या पत्रांत, कहाण्यांत आणि घरखर्चाच्या वह्यांत जगली. सरकारी कागदांत तिला मानाचे स्थान मिळाले ते १८९४ च्या सुधारणांत. संपूर्ण हान्गुलमध्ये छापलेले आणि शब्दांमध्ये मोकळी जागा सोडणारे पहिले वर्तमानपत्र १८९६ मध्ये निघाले, त्याचे नाव ‘तोङनिप शिन्मुन’, म्हणजे ‘स्वतंत्र वृत्तपत्र’. ‘हान्गुल’ हे नावदेखील विसाव्या शतकातले आहे आणि ते रूढ करण्याचे श्रेय चू शी-ग्यॉङ या व्याकरणकाराकडे जाते.

म्हणजे जन्मसाल, जन्मदाता आणि जन्मामागचे कारण या तिन्ही गोष्टी लेखी नोंदलेली ही लिपी आहे. मग तिला देवनागरीची लेक कशाच्या आधारावर ठरवायची? या दाव्यामागे एक खरा धागा आहे, तो लेखकाने तुटेपर्यंत ताणला आहे. तेराव्या शतकात कुब्लाई खानाच्या सांगण्यावरून फाग्पा या तिबेटी लामाने मंगोल साम्राज्यासाठी एक चौकोनी लिपी तयार केली आणि १२६९ मध्ये ती अमलात आली. ती तिबेटी लिपीवरून घेतलेली होती आणि तिबेटी लिपी गुप्तकाळातल्या ब्राह्मीच्या कुळातली आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले कोरियाचे अभ्यासक गॅरी लेडयार्ड यांनी १९६६ च्या प्रबंधात असे मांडले की हान्गुलची चार-पाच व्यंजने फाग्पा लिपीच्या आकारांवरून सुचली असावीत. जुन्या नोंदींत ‘अक्षरे जुन्या मुद्रालिपीचे अनुकरण करतात’ असे एक गूढ वाक्य आहे. त्यातल्या ‘जुन्या’ या अर्थाच्या चिनी अक्षरामागे ‘मंगोल’ हा अर्थ दडला आहे, असा त्यांचा तर्क होता. सेजोङच्या दरबारात फाग्पा लिपी जाणणारे दुभाषे होते, त्यामुळे शक्यता नाकारता येत नाही. पण बहुतेक कोरियन अभ्यासकांना हे मत पटलेले नाही आणि स्वतः लेडयार्ड यांनीही बाकीची रचना सेजोङचीच मानली. हे सगळे मान्य केले तरी देवनागरी आई ठरत नाही. ब्राह्मीच्या एका फांदीवर आपण आहोत आणि दुसऱ्या फांदीच्या शेंड्यावरून चार-पाच पाने उडून कोरियात पडली, एवढेच म्हणता येईल. हे नाते लग्नपत्रिकेत छापण्याइतकेही जवळचे नाही.

भारताचे खरे ऋण आकारांत नाही, विचारात आहे, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही. क-च-ट-त-प हे पाच वर्ग आणि प्रत्येक वर्गात कठोर, महाप्राण, मृदू, अनुनासिक अशी मांडणी आपल्या हाडीमाशी इतकी खिळली आहे की ती एक शोध आहे हेच आपण विसरतो. बौद्ध ग्रंथांबरोबर ही दृष्टी चीनमध्ये गेली. संस्कृत मंत्र चिनी अक्षरांत उतरवताना उच्चार चुकू नयेत म्हणून तिथल्या भिक्षूंना ध्वनींचे पृथक्करण करावे लागले आणि त्यातून चिनी ध्वनिशास्त्राने आरंभीच्या व्यंजनांचे दाढेचे, जिभेचे, ओठांचे, दातांचे आणि घशाचे असे पाच गट पाडले. शिवाय प्रत्येक गटात साधे, श्वासाचे, घोष आणि नासिक्य असे चार भेद केले. सेजोङने हीच चौकट घेतली. त्याच्या पुस्तकातली व्यंजने याच पाच गटांत येतात. क, ख, ग, ङ हा आपला क्रम आणि दाढेच्या गटातला त्यांचा क्रम शेजारी ठेवून पाहावा. पाणिनीच्या देशातून निघालेली ही रीत चिनी पोथ्यांतून कोरियात पोचली आणि तिथे एका राजाने तिला रेघांचे रूप दिले. चिनी पंडितांनी जे तक्त्यात मांडले होते, ते त्याने अक्षराच्या अंगावर आणले. हे श्रेय मात्र सर्वस्वी त्याचे.

त्याच वाटेने शब्दही गेले. कोरियन शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे आहेत, आपल्याकडे संस्कृत तत्सम आहेत तसे. आणि त्या चिनी शब्दांच्या पोटात काही संस्कृत शब्द प्रवास करत गेले आहेत. भिक्षु आणि भिक्षुणी तिथे ‘पिगु’ आणि ‘पिगुनी’ झाले, बोधिसत्त्व ‘पोसाल’ झाला, समाधी ‘साम्मे’ झाली, नरकाचा ‘नाराक’ झाला आणि त्याचा अर्थ खोल गर्ता असाही झाला. क्षण या शब्दाचा ‘छाल्ला’ झाला, तो अजून रोजच्या बोलण्यात क्षणभर याच अर्थाने येतो. सगळ्यांत मजेदार गत गंधर्वाची झाली. आपल्याला गंधर्व म्हटले की नारायणरावांचे पद ऐकू येते. कोरियात गंधर्वाचा ‘कॉन्दाल्बा’ झाला, गाण्याबजावण्यात वेळ घालवणारा म्हणून त्याचा रिकामटेकडा झाला आणि आज ‘कॉन्दाल’ म्हणजे नाक्यावरचा गुंड.

पण उसने शब्द म्हणजे नाते नव्हे, आणि लिपी म्हणजे भाषा नव्हे. ही गफलत लेखाच्या शेवटच्या स्तंभात झाली आहे. ‘आप्पा’ म्हणजे वडील आणि ‘ऑम्मा’ म्हणजे आई, म्हणून कोरियन ही तमिळची बहीण, हा युक्तिवाद आता मोबाइलवरून फिरतो. पण तो नवा नाही. होमर हल्बर्ट या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९०५ मध्ये कोरियन आणि द्राविडी भाषांच्या व्याकरणांची तुलना करणारे पुस्तकच सेऊलमध्ये प्रसिद्ध केले होते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे, विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून लागणे, आदराप्रमाणे क्रियापद बदलणे ही साम्ये खरीच आहेत. ती जपानीशीही आहेत आणि त्यांतली बरीचशी मराठीशीही आहेत. म्हणूनच त्यांवरून कुळ ठरत नाही. त्यासाठी नेमाने घडणारे ध्वनिबदल दाखवावे लागतात आणि ते कुणाला दाखवता आलेले नाहीत. आई-बापाचे शब्द तर अजिबात पुरावा धरायचे नाहीत, कारण तान्ह्या मुलाच्या ओठांना जगभर ‘म’ आणि ‘प’च आधी जमतात. कोरियन आणि जेजू बेटावरची तिची बहीण मिळून एक लहानसे स्वतंत्र कुटुंब होते, असेच आज बहुतेक अभ्यासक मानतात. अयोध्येच्या राजकन्येची कथाही लेखात आली आहे. तेराव्या शतकातल्या कोरियन संग्रहात ती आहे आणि ‘आयुता’ देशातून आलेली राणी इसवी सन ४८ मध्ये किनाऱ्याला लागली असे ती सांगते. कथा गोड आहे. पण लिपी १४४३ ची आहे. मधल्या चौदाशे वर्षांचे काय करायचे?

लिपी बदलली म्हणून भाषा बदलत नाही, हे आपल्याला तरी कुणी सांगायला नको. मोडीत लिहिलेले पेशवे दप्तर आणि बाळबोधीत लिहिलेली पोथी या दोन्ही मराठीच. कोकणी तर देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम अशा अनेक लिप्यांत लिहिली गेली आणि तरी ती कोकणीच राहिली.

आता ‘कोणतीही भाषा जशीच्या तशी’ या विधानाकडे वळतो. आम्ही ते घरीच तपासून पाहिले. नातीने ‘डाळ’ हा शब्द हान्गुलमध्ये लिहिला. ‘ड’ आणि ‘द’ वेगळे लिहिण्याची सोय नाही, ‘ळ’ नाही. जो ठसा तयार झाला तो कोरियनमध्ये ‘चंद्र’ असा वाचला जातो. ‘बाळ’ लिहिले तर ‘पाऊल’ असा अर्थ निघाला. ‘माळ’ लिहिली तर ‘घोडा’ झाला, आणि ‘बोलणे’ही. ‘घर’ आणि ‘गर’ एकसारखेच उमटले. ‘काय’ आणि ‘गाय’ यांत जो भेद आपल्याला दुधापाण्याइतका स्पष्ट ऐकू येतो, तो शब्दाच्या आरंभी कोरियन कानाला महत्त्वाचा वाटत नाही. उलट त्यांना जो भेद महत्त्वाचा वाटतो, तो आपल्या कानाला जड जातो: ‘ताल’ सैल जिभेने म्हटले तर चंद्र, घसा आवळून म्हटले तर मुलगी आणि श्वास सोडून ‘थाल’ म्हटले तर मुखवटा. हान्गुल कोरियनच्या मापाने बेतलेली आहे आणि म्हणूनच ती कोरियनला चपखल बसते. इंडोनेशियातल्या बुतोन बेटावर चिआ-चिआ नावाची भाषा २००९ पासून शाळेत हान्गुलमधून शिकवण्याचा प्रयोग झाला, त्याचे लेखात कौतुक आहे. तिथे ‘व’सारख्या ध्वनीसाठी कोरियनने केव्हाच टाकून दिलेले एक जुने अक्षर पुन्हा बाहेर काढावे लागले, हे मात्र लेखात नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतले त्या नावांकडे येतो. कोरियनमध्ये क-ख, त-थ, प-फ, च-छ हे भेद आहेत. रोमन लिपीत ते धड दाखवता येत नाहीत, म्हणून तिथे कधी चिन्हे लावतात आणि कधी गाळतात, कधी ‘पुसान’ लिहितात आणि २००० साली नियम बदलल्यापासून ‘बुसान’ लिहितात. देवनागरीत ही सगळी अक्षरे हात जोडून उभी आहेत. इंग्रजीसाठी म्हणून आपण स्वीकारलेले ‘ऑ’ आणि ‘ॲ’ हे स्वरही कोरियनच्या दोन स्वरांना बरेच जवळ आहेत. असे असताना कोरियन नाव आधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये जाते, तिथे लंगडे होते आणि मग आपण त्या लंगड्याला देवनागरीत उतरवतो. शेतमालाच्या बाबतीत मधला अडत्या नको म्हणून आपण अग्रलेख लिहितो. इथे मात्र दोन्ही बाजूंचा माल उत्तम असताना मधला अडत्या आपणच ठेवला आहे.

काही उदाहरणे देतो. ‘पार्क’ या आडनावात ‘र’ नाहीच. ‘आ’ लांबवण्यासाठी इंग्रजी स्पेलिंगमध्ये घातलेले ते एक मुके अक्षर आहे. आडनाव ‘पाक’ आहे. आपण ‘पार्क’ छापतो आणि वाचकाला दादरचे मैदान आठवते. ‘ली’ हे आडनाव कोरियात कुणाचेही नाही: सेऊलमध्ये ते ‘ई’ आहे आणि उत्तरेत तेच ‘री’ आहे. ‘चोई’ म्हणजे ‘छ्वे’. गावोगावच्या क्रीडा संकुलांवर ज्याचे फलक आहेत तो ‘तायक्वांदो’ म्हणजे ‘थेक्वॉन्दो’. ‘ताय’ हे इंग्रजी स्पेलिंग चुकीचे वाचल्याने आले. ‘किमची’ ही ‘किमछी’ आहे. उत्तर कोरियाची राजधानी ‘प्योंगयांग’ नसून ‘फ्यॉङयाङ’ आहे. २०२४ चे साहित्याचे नोबेल मिळालेल्या लेखिकेचे नाव मराठी पत्रांत तीन-चार तऱ्हांनी आले. ते ‘हान गाङ’ आहे. आणि एक उदाहरण तर असे आहे की रोमनवर विसंबणे किती धोक्याचे आहे ते त्यातून आपोआप दिसते. उत्तर कोरियाचे नेते किम यांच्या नावातला ‘जोंग’ आणि राजा सेजोङच्या नावातला ‘जोङ’ इंग्रजी वर्तमानपत्रांत एकाच स्पेलिंगने येतात, म्हणून आपणही दोन्हीकडे ‘जोंग’ छापतो. पण कोरियनमध्ये नेत्याच्या नावात ‘ऑ’ आहे आणि राजाच्या नावात ‘ओ’. हे दोन वेगळे स्वर आहेत, वेगळी अक्षरे आहेत आणि देवनागरीत ती वेगळी दाखवायला एक पैचाही खर्च नाही.

‘ङ’विषयी दोन शब्द. अनुस्वार दिला की आपला वाचक ‘सेजोंग’च्या शेवटी ‘ग’ उच्चारतो. कोरियनमध्ये तिथे ‘ग’ नाही, नुसता अनुनासिक आहे. आपल्या वर्णमालेतला ‘ङ’ नेमका तोच ध्वनी आहे. ज्याला जन्मभर ‘वाङ्मय’ या जवळजवळ एकाच शब्दात काम मिळाले, त्या अक्षराला या बातम्यांत रोजगार मिळेल.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. आरंभीचा सैल ध्वनी ‘क’ लिहायचा की ‘ग’, यावर वाद होऊ शकतो. मी शब्दाच्या सुरुवातीला ‘क, त, प, च’ आणि मध्ये ‘ग, द, ब, ज’ असा नियम पाळला आहे, कारण मराठी कानाला तसे ऐकू येते. आवळलेल्या व्यंजनांसाठी आपल्याकडे अक्षर नाही. ‘हान्गुल’मधला शेवटचा स्वर खरा ‘उ’ नाही. ओठ फाकवून ‘ऊ’ म्हटल्यावर जे निघते ते तो आहे आणि त्याच्यासाठी ‘उ’वर समाधान मानण्यावाचून मला तरी इलाज दिसला नाही. ‘हंगुल’मधला आखूड ‘अ’ मात्र निश्चित चूक आहे, तिथे ‘आ’ हवा. ‘फ’ ओठ मिटून काढायचा आहे, इंग्रजीतला नव्हे. पण ‘फळ’ म्हणणाऱ्या घरांत हे समजावून सांगावे लागू नये. रुळलेली नावे एका रात्रीत बदलली तर वाचक गोंधळतील, हेही खरे; मीही वर ‘सेऊल’च लिहिले आहे, ‘सॉउल’ लिहायला हात धजला नाही. मोटारींच्या आणि दूरचित्रवाणी संचांच्या कंपन्यांची नावे त्यांनी स्वतः जशी रूढ केली आहेत तशीच राहू द्यावीत. पण नव्याने बातमीत येणाऱ्या प्रत्येक नावाचे मूळ हान्गुल रूप इंटरनेटवर क्षणात मिळते आणि चोवीस अक्षरे शिकायला आपल्या उपसंपादकांना फार दिवस लागणार नाहीत. १४४६ च्या त्या पुस्तकाच्या उपसंहारात चॉङ इन-जी या पंडिताने लिहून ठेवले आहे की हुशार माणसाला ही अक्षरे सकाळ संपायच्या आत येतात आणि मठ्ठ माणसालाही दहा दिवसांत येतात. मला अकरा लागले.

पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी कापायचे असेल तर राजाचा परिच्छेद कापावा, नावांचा कापू नये. सोबत हाताने लिहिलेला एका पानाचा तक्ता जोडला आहे. डावीकडे हान्गुल अक्षर, मध्ये शब्दारंभीचे देवनागरी रूप आणि उजवीकडे शब्दामधले रूप आहे. नातीने तो एकदा तपासला आहे. व्यंजनांच्या शेवटच्या पाच ओळींवर पेन्सिलने खुणा केल्या आहेत, त्या आवळलेल्या व्यंजनांच्या. त्यांसाठी आपल्या कार्यालयात कुणाला बरे चिन्ह सुचले तर खुणा खोडून ते लिहावे आणि तक्त्याची एक प्रत मलाही पाठवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक, चिपळूण